अपात्रांचा कैवार

धर्मश्रद्धा माणसाला अन्यायाविरुद्ध उभे करते, की अन्यायाची चीड ज्याच्या ठिकाणी मुळातच आहे असा माणूस मागाहून आपल्या चिडीला धर्माचा आधार शोधतो, हा वाद जुना आहे. आणि ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत तर तो विशेष अवघड होऊन बसतो, कारण ज्या बायबलाच्या बळावर विल्बरफोर्सने ब्रिटिश पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जवळजवळ वीस वर्षे झुंज दिली, त्याच बायबलातील वचने पुढे करून अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाले आपल्या गुलामगिरीचे समर्थन करीत होते. असल्या प्रश्नाचा निकाल तत्त्वांच्या घोळात लागत नाही. एखादे चरित्र घ्यावे, त्यातील घटनांचा क्रम नीट लावून पाहावा, आणि श्रद्धेने त्या माणसात नेमकी कोणती भर घातली याची झडती घ्यावी, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके सोयीचे, आणि गैरसोयीचेही, दुसरे चरित्र मराठी माणसाला सापडणार नाही.

गैरसोय अशी की, रमाबाईंना बंडखोर करण्याचे श्रेय ख्रिस्ताला देता येत नाही. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजातीचा रोष पत्करणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या. दुष्काळात आईबाप गमावून, भावाबरोबर पायी देश हिंडून, 1878 साली ती कलकत्त्यास पोहोचली तेव्हा तेथील पंडितांनी तिच्या विद्वत्तेचा गौरव केला, आणि पुढे दोनच वर्षांत तिने बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या, परप्रांतीय गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह करून त्याच पंडितमंडळींच्या समाजाला धक्का दिला. वैधव्य आल्यावर 1882 साली पुण्यास येऊन तिने आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची मागणी केली. हे सर्व बाप्तिस्म्यापूर्वीचे. बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडात वाँटेज येथे, 29 सप्टेंबर 1883 रोजी. तेव्हा ख्रिस्ती होण्यापूर्वीच ही बाई अन्यायाविरुद्ध उभी होती, ही गोष्ट तारखाच सांगतात, आणि तिच्या चरित्रकारांपैकी जे धर्मोपदेशकी उत्साहाने ती विसरतात ते तिच्यावर आणि तिच्या आईबापांवरही अन्याय करतात.

मग भर कोणती पडली? रमाबाईंनी स्वतः आपल्या आत्मनिवेदनात जी हकीकत दिली आहे ती या दृष्टीने फार बोलकी आहे. वाँटेजच्या मठातील भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपले एक गृह पाहावयास पाठविले. समाजाने ज्यांना पतित ठरविले अशा स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई, आणि त्यांना मायेने वागवून माणसांत आणण्याची खटपट चाले. रमाबाईंना नवल वाटले ते या गोष्टीचे की, अशा स्त्रियांकडे दयेने पाहणारेही कोणी असते. कारण त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रांत वाट चुकलेल्या स्त्रीला शासन सांगितले होते, आसरा सांगितलेला त्यांना आढळला नव्हता. हे असे का, म्हणून त्यांनी विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली.

ती कथा सावकाश वाचण्यासारखी आहे. भर दुपारची वेळ, सुखार नावाच्या गावाबाहेरची याकोबाची विहीर, आणि वाटचालीने थकून तिच्या काठाशी बसलेला येशू. एक बाई पाणी भरावयास येते. ती शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी ज्यांच्याशी व्यवहार ठेवू नये अशांपैकी. शिवाय पाच नवरे झालेली, आणि सध्या ज्याच्या घरी राहते तोही तिचा नवरा नव्हे. हा यहुदी पुरुष तिच्यापाशी प्यावयाला पाणी मागतो. परक्या जातीच्या हातचे पाणी मागणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकाला टीपा देऊन समजावण्याची गरज नाही. ती स्वतःच चकित होऊन विचारते, की तुम्ही माझ्याकडे कसे मागता? तो तिच्याशी धर्माची गहन चर्चा करतो; तिचे चरित्र त्याला ठाऊक असते, तो ते तिला बोलूनही दाखवतो, पण ते आधी निस्तरून ये, मग बोलू, अशी अट घालीत नाही. शिष्य परत येतात ते आश्चर्याने पाहत राहतात. बाई घागर तेथेच टाकून गावात जाते आणि सगळा गाव विहिरीवर घेऊन येते.

या कथेचा अन्यायाच्या प्रश्नाशी जो संबंध आहे तो सुधारकांच्या वाङ्मयाशेजारी ठेवून पाहिला म्हणजे उघड होतो. आपल्या सुधारकांनी ज्या विधवेची कैफियत सरकारदरबारी आणि लोकांपुढे मांडली ती बहुधा निष्पाप बालविधवा होती: नवऱ्याचे तोंडही न पाहिलेली, कशातच अपराध नसलेली. हे स्वाभाविकच होते. अर्ज लिहिणाऱ्याला अर्जदार निर्दोष दाखवावा लागतो, नाहीतर अर्ज दाखल होत नाही. पण त्यामुळे न्याय ही पात्रतेची गोष्ट होऊन बसते, आणि जी निर्दोष नाही तिचे नाव यादीतून आपोआप गळते. रमाबाईंचे स्वतःचे आरंभीचे कार्यही याच मर्यादेतले होते. 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले त्यांचे इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच होते, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस उघडलेले शारदासदन हेही मुख्यतः तशाच घरच्या विधवांसाठी. फुलहॅमचा प्रसंग घडून गेला होता, बाप्तिस्मा झाला होता, तरी वर्तुळ तेवढेच राहिले. श्रद्धा माणसाला एका रात्रीत बदलते असे सांगणाऱ्यांनी हा मधला काळ जरूर ध्यानात घ्यावा.

वर्तुळ मोडले ते 1896–97 च्या दुष्काळात. मध्यप्रांतात उपासमारीने माणसे मरत असल्याचे कळताच रमाबाई तेथे गेल्या. विशीच्या आतच ज्या बाईने दुष्काळात आई, बाप आणि बहीण यांना मरताना पाहिले होते तिला तेथे काय दिसले असेल याची कल्पनाच करावी. तेथून त्यांनी मुली व बायका आणल्या. त्या कोणत्या जातीच्या, कोणत्या चारित्र्याच्या, याची चौकशी करीत बसण्याची ती वेळच नव्हती. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. आंधळ्या मुलींची सोय झाली, आणि फुलहॅमच्या धर्तीवर कृपासदन नावाचे निराळे गृहही झाले. पात्रतेची पायरी खाली गेली नव्हती, ती काढूनच टाकली होती. रमाबाईंच्या श्रद्धेने अन्यायाची चीड उत्पन्न केली नाही. तिने त्या चिडीला पक्षकार निवडण्याची मुभा ठेवली नाही. माझ्या मते खरी भर ती हीच.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 सालीच पुण्यात, वाट चुकलेल्या वा चुकविल्या गेलेल्या गरोदर ब्राह्मण विधवांसाठी आपले घर उघडले होते. बाप्तिस्मा न घेता, निर्मिकावर विश्वास ठेवून. तेव्हा ही दृष्टी ख्रिस्ती धर्माचा मक्ता नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे. तिकडे जाण्याच्या वाटा अनेक, रमाबाई ज्या वाटेने गेल्या ती सुखारच्या विहिरीवरून जाणारी, एवढेच. रमाबाईंवर टीकेचा भडिमार होत असता ‘सत्सार’ लिहून त्यांची बाजू जाहीरपणे घेणारे जोतीरावच होते, हा काही केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 1893 साली शारदासदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात अशी ओरड झाली, ‘केसरी’ने ती लावून धरली, आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. मी कोणावर बळजबरी करीत नाही, पण माझी खोली प्रार्थनेच्या वेळी बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका प्रामाणिक होती. तरीही पालकांचा संशय अगदीच निराधार नव्हता: ज्या मुलीचे अन्नवस्त्र, विद्या आणि उद्याचा आसरा एका व्यक्तीच्या हाती आहे, तिने त्या व्यक्तीच्या उघड्या दारातून आत जाणे कितपत स्वेच्छेचे? केडगावात उपाशी येऊन पोट भरलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोचतो. श्रद्धेने पात्रता पुसली, पण उपकाराचे ओझे पुसता आले नाही. रमाबाईंनी या अडचणीचा पुरता विचार केला होता असे मला वाटत नाही.

त्यांच्या निःस्पृहतेबद्दल मात्र शंका घेता येत नाही. ज्या वाँटेजने आसरा दिला त्या वाँटेजच्या भगिनी जेराल्डाईन यांच्याशी त्या पत्रांतून वर्षानुवर्षे भांडल्या: धर्ममतावर, शाकाहारावर, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत यावर. मुंबईच्या बिशपाने त्यांच्या अध्यापनावर निर्बंध सुचविले, तेव्हा त्यांनी त्याचीही भीड ठेवली नाही. पुरोहितांचे एक जोखड टाकून दुसरे मानेवर घ्यावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. आणि 1897 साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू झाला, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेच्या देणग्यांवर संस्था चालविणाऱ्या या बाईने ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांबद्दल व बेअब्रूबद्दल ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारला जाब विचारला. सरकारने इन्कार केला. चार वर्षांपूर्वी तिच्यावर तुटून पडलेला ‘केसरी’ही त्या साली त्याच प्लेगच्या कारभारावर झोड उठवीत होता, दोघांनी परस्परांशी सल्लामसलत केली नव्हती, आणि केली असती तर ती जमली असती असेही नाही.