पाटीत अंडं नाही

आई गेली तेव्हा तिच्या मागे सात कोंबड्या, एक कोंबडा आणि पडवीतलं खुराडं राहिलं. तिच्या आजारपणासाठी मी मुदतीआधी निवृत्ती घेऊन कुडाळजवळच्या आमच्या घरी आले होते. त्याआधी ३० वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलं. सकाळी खुराडं उघडायचं, कण्या टाकायच्या, दुपारी पाटीतलं अंडं उचलायचं, एवढं आईचं काम मला जमू लागलं होतं. त्या कोंबड्यांतली कवडी, राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली, दिवसाआड अंडं घालायची. त्या मार्गशीर्षात तिची पाटी रिकामी राहू लागली. एक आठवडा गेला, दुसराही गेला.

अशा वेळी गावात कारणांना तोटा नसतो. शेजारच्या काकींनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, कारण कुणा पाहुणीने कवडीचं फार कौतुक केलं होतं. कुणी म्हणालं, आई दरवर्षी वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा द्यायची, यंदा तो राहिला. काकांचा उपाय सरळ होता. "बाईनू, हिका कापून टाका. नुसती खाता."

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह मी वर्षानुवर्षं शिकवला. कार्याच्या आधी नेमाने असतं आणि ज्याच्यावाचून कार्य अडतं, ते कारण. कुंभाराकडे माती वाहून आणणारं गाढव घड्याच्या आधी हजर असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे; माती डोक्यावरूनही आणता येते. पाहुणीची नजर मला त्या गाढवाच्या जागी दिसली. राखणदाराबद्दल मात्र इतक्या सहज बोलता आलं नाही. ते पुढे सांगते.

मी कवडीला टोपलीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला काखेत धरलं, शेपटीखालची पिसं बाजूला केली आणि माझा हात धरून तिथे टेकवला. कातडीखाली दोन बारीक, टोकदार हाडं लागली. कोंबडी अंडी घालत असते तेव्हा त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात. थांबली की ती हाडं जवळ येतात, जेमतेम एक बोट शिरतं. माझी तीन बोटं सहज बसली. अंडं येतं ती जागा रुंद आणि ओलसर होती. तुरा जास्वंदीसारखा लाल. बाई म्हणाल्या, "मॅडम, ही थांबलेली नाहीच. तुम्ही अंडी शोधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मागे लागले. तासभर ती माडाच्या आळ्यात उकरत राहिली. मग मान खाली घालून, गोठ्यामागून, भाताच्या काडाच्या उडवीकडे गेली आणि खालच्या बाजूला, कुत्र्याने पाडलेल्या बिळासारख्या पोकळीत शिरली. ती बाहेर आल्यावर मी कोपरापर्यंत हात घातला. नऊ अंडी होती. वरचं गरम होतं, इतकं गरम की हात क्षणभर मागे आला. घरी आणून पाण्यात सोडली. तीन तरंगली, सहा बुडाली.

जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? आपल्या दर्शनकारांनी या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, न आढळणं, म्हणजे अनुपलब्धी, हे ज्ञान मिळवण्याचं स्वतंत्र साधन, प्रमाणच आहे. नैयायिकांना वेगळं प्रमाण मान्य नाही. त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. काळोखात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं ठरत नाही. ही अट मी किती वर्षं फळ्यावर लिहिली असेल! आणि पंधरा दिवस मी पाटीत बघत होते. अंडी उडवीत होती. पाटीपुरतं माझं 'नाही' खरं होतं. 'कवडी अंडी घालत नाही' हे मी पुढे स्वतः जोडलं होतं, आणि त्या जोडलेल्या वाक्यावर काका सुरी काढायला तयार होते.

पुढच्या वर्षी ती खरोखर थांबली. दिवाळीनंतर तिची पिसं झडू लागली, मानेचं कातडं उघडं पडलं, तुरा फिका झाला. मार्गशीर्षात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा होतो, आणि अंडी घालायला कोंबडीला उजेड अधिक लागतो. शिवाय पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं. नवी पिसं आणि अंडी दोन्ही एकदम अंगाला झेपत नाहीत. मी तिला सुकटीचा चुरा आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालत राहिले. माघात पुन्हा अंडं आलं.

नैयायिक अभावाचे चार प्रकार मानतात. त्यातले तीन माझ्या खुराड्यात हजर होते. अजून झालेलं नाही तो प्रागभाव. होतं आणि नष्ट झालं, मुंगसाने फोडलं, तो प्रध्वंसाभाव. कधीच नाही तो अत्यंताभाव. माघात अंडं हाती घेतलं तेव्हा एक गोष्ट उमगली, जी शिकवताना कधी खटकली नव्हती. प्रागभावाला आरंभ नाही, शेवट आहे. वस्तू उपजली की तो संपतो. म्हणजे वस्तू उपजल्यावरच तो प्रागभाव होता हे कळतं. रिकाम्या पाटीपुढे उभं असताना 'अजून नाही' आणि 'कधीच नाही' यांचं रूप अगदी सारखं असतं.

आता राखणदाराचं. आई १४ महिने अंथरुणावर होती. मी रोज संध्याकाळी वाडीच्या कडेला त्याच्या दगडापाशी गाऱ्हाणं घालत असे. ती बरी होऊ दे असं मी मागितलंच नव्हतं, तिची कळ कमी होऊ दे एवढंच. कळ कमी झाली नाही. ती गेल्यावर मी जाणं सोडलं, कोंबडाही दिला नाही. तिथे कुणी नाही, असं मी घरात मोठ्याने म्हटलं होतं.

मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हाच आक्षेप विचारात घेतला आहे: ईश्वर आढळत नाही, म्हणून नाही. त्यांचं उत्तर असं की ईश्वर डोळ्यांना दिसण्याजोगा नाही, तेव्हा न दिसण्यावरून त्याचं नसणं सिद्ध होत नाही. मग सशाचं शिंगही नाकारता येणार नाही? तर शिंग ही दिसण्याजोगी वस्तू आहे. ससा समोर असून शिंग दिसत नाही, म्हणून ते नाही. हा युक्तिवाद मला पाठ होता, आणि आईच्या खाटेशी त्याचा काही उपयोग झाला नाही. आता वाटतं, मी माझी एक पाटी मांडून ठेवली होती. उत्तर तिथेच पडायला हवं, कळ कमी होण्याच्या रूपात. ते दुसरीकडे कुठे होतं का? माझं सांत्वन करणारे म्हणाले, सुटली बिचारी, हेच उत्तर. ते मला मान्य नाही. ते म्हणजे आपणच अंडं ठेवायचं आणि आपणच सापडलं म्हणायचं. उडवीत हात घातल्यावर गरम लागलं होतं. इथे माझ्या हाताला अजून काही लागलेलं नाही. मात्र ते 'नाही' मी परत घेतलं आहे. ते म्हणण्याइतकं मी पाहिलेलं नाही.

कवडी आता सहाव्या वर्षात आहे. दसऱ्यापासून अंडं नाही. हाडांमध्ये एकच बोट जातं. पिसं झडलेली नाहीत, उडवी मी दोनदा उपसली. वयच असावं. आपण म्हणतो कोंबडी अंडी 'देते'. तिने कधी दिली नाहीत. तिने घातली, आणि आम्ही उचलली. ज्या अंड्यांवर तिला बसायचं होतं तीही उचलली. तिची पाटी तशीच ठेवली आहे, काड बदलते. काकांना सांगून टाकलं आहे की ही म्हातारी होऊन मरेल.

गेल्या अमावास्येला मी दगडापाशी गेले. कोंबडा नेला नाही, नारळ नेला. आईचं गाऱ्हाणं पुरतं आठवलं नाही. जेवढं आठवलं तेवढं म्हटलं, आणि काळोख पडायच्या आत कोंबड्या कोंडायला परत आले.