ऐरणीचा दृष्टांत

"ऐरणीसारखे सोसा," असे आम्ही कीर्तनातून कित्येक वर्षे सांगत आलो. ऐकणाऱ्यांत लेकीसुना अधिक असत, हे ध्यानी आले नाही.

परवा गावच्या लोहाराने भंगारातून रुळाचा हातभर तुकडा आणला. (पावती आधी दाखवली, रेल्वेचा माल म्हटला की संशय यायचाच!) आम्ही म्हणालो, "आडवा ठेव, झाली ऐरण." तो हसला. "बुवा, रुळाची कंबर बारीक. आडवा ठेवला तर घावासरशी लवतो, घाव पोटात घेतो, नि लोखंड तसंच ऱ्हातं. उभा केला की घणाखाली सगळं वजन येतं." त्याने तुकडा ओंडक्यात उभा ठोकून बसविला, वरचे तोंड घासून सपाट केले. तोंड लहान, पण विळ्या-खुरप्यांना पुरते. मग वरून लोखंडी गोळी सोडली. ती टणकन् उसळली. "ऐरण घाव ठिवून घेत न्हाई, बुवा, परत देती. म्हणून लोखंड दोन्हीकडनं चेपतं."

षट्संपत्तीतील तितिक्षा आम्ही पाठशाळेत घोकली होती: प्रतिकार न करता सोसणे. ऐरणही घणावर धावून जात नाही. जागची मात्र हलत नाही. शिवाय तितिक्षा साधकाने आपखुशीने धरावयाची. ती दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

गेल्या एकादशीस निरूपणात तोच दृष्टांत ओठांवर आला. समोर खांबाशी एक मुलगी बसली होती. दोन वर्षांपूर्वी माहेरी आली असता तिला "सोस, बाळ" म्हणून आम्हीच परत धाडले होते. आम्ही टाळकऱ्यांस खूण करून भजन धरले. कीर्तन संपल्यावर तिच्या बापाच्या घरी गेलो.