नात्यातील परिचारिका आणि रोग्याचे गुपित

परतवाड्यानजीक कोठारा येथे दि लेप्रसी मिशनचे कुष्ठरोग्यांकरिता रुग्णालय आहे. समजा, आसपासच्या खेड्यातील एखादी सून अशा ठिकाणी परिचारिका आहे आणि एके दिवशी समोर आलेला रोगी तिचाच दीर निघाला. त्याचे लग्न ठरलेले. सायंकाळी सासूबाई विचारतात, "तो दवाखान्यात कशाला आला होता?" तिने काय उत्तर द्यावे?

पुष्कळ जण म्हणतील, घरच्या माणसांपासून कसली चोरी? परंतु वाचकहो, ही गोष्ट तिला भावजय म्हणून कळली की परिचारिका म्हणून? त्याने अंगावरचा चट्टा दाखविला तो औषधासाठी. जी गोष्ट ज्या हेतूने सोपविली, त्यापलीकडे ती नेणे म्हणजे ठेवीचा अपहार होय. ठेवणारा आप्त असला म्हणून ठेव आपली होत नाही.

यातील हानीही थोडी नव्हे. हा रोग वेळीच कळला तर 6 किंवा 12 महिन्यांच्या औषधाने बरा होतो. विलंब झाला तर नसा निकामी होऊन बोटे वाकतात. दवाखान्यातील गोष्ट षट्कर्णी होते असे दिसले, की पुढचा रोगी आपला चट्टा झाकूनच ठेवील. त्याची भीती निराधार नाही. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातही कुष्ठरोग हे विवाहविच्छेदाचे एक कारण होते. ते संसदेने 2019 साली काढून टाकले.

मग वधूला अंधारात ठेवावे काय? मुळीच नाही. 1998 साली एचआयव्हीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, होणाऱ्या वधूच्या आरोग्यास धोका असेल तेथे गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही. परंतु त्या अपवादात सासूबाईंची जिज्ञासा बसत नाही. शिवाय कुष्ठरोगात औषध सुरू झाल्यावर संसर्गाचे भय लवकरच सरते. म्हणून सत्य सांगण्याचे कर्तव्य प्रथम त्या तरुणाचे; त्यास धीर देणे आणि उभयतांस डॉक्टरांकडे जाण्यास सुचविणे हे परिचारिकेचे. घरच्यांची तपासणी अवश्य व्हावी, पण त्याच्या संमतीने.

शक्य असल्यास तिने वरिष्ठांस सांगून त्याची शुश्रूषा दुसरीकडे सोपवावी, आणि मग केवळ मायेपोटी त्याची नोंद उघडू नये. सासूबाईंना तिने म्हणावे, "दवाखान्यातील कोणाचीच गोष्ट मी घरी आणीत नाही." हे उत्तर साध्या खोकल्याच्या रोग्याविषयीही तिने नित्य द्यावे, म्हणजे तिच्या मौनावरून कोणी तर्क करणार नाही.

प्रचारक बंधूंनीही प्रार्थनेच्या निमित्ताने सभेत रोगाचे नाव घेऊ नये. रोग्याचे नावही त्याच्या परवानगीनेच घ्यावे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला विचारूच नये. तेवढ्याने तिचे अर्धे ओझे हलके होईल.