हौसेचे कष्ट

२०१९ साली गोव्यात मी पहिली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन केली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावायचे! शेवटी पोटऱ्यांत गोळे आले, तेव्हा कडेला सायकल टेकवून उभ्या असलेल्या पाववाल्या पोदेराने विचारले, "कितें मेळटा?"

"पदक."

"आनी पयशे?"

"ते मीच भरलेत!"

त्याने माझ्याकडे कणवेने पाहिले. पावाची टोपली लादून हा रोज पहाटे दारोदार हिंडणार. मला केव्हाही थांबता येत होते, त्याला नाही. मग सोशिक कोण? हौसेचे कष्ट तो पराक्रम, आणि पोटासाठीचे ते नुसते काम?

शर्यत पुरी केली. दुसऱ्या दिवशी पाव घेताना मात्र गळ्यातले पदक हळूच सदऱ्याच्या आत सारले.