सास्ना आणि मातीचा बैल

गाय म्हणजे काय हे सांगताना नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, तिचं दूध पुढे केलं नाही, शिंगं नाहीत आणि पावित्र्यही नाही. त्यांनी बोट ठेवलं ते गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर. संस्कृतात तिला सास्ना म्हणतात, आपला शेतकरी पोळी म्हणतो.

ही निवड सहज झालेली नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरच्या आपल्याच दीपिका टीकेत तिची कसोटी दिली आहे. तांबूस ती गाय म्हणावं, तर पांढरी आणि काळी बाहेर राहते, ही अव्याप्ती. शिंगं असलेली ती गाय म्हणावं, तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. एकसंध खुराची म्हणावं, तर एकही गाय सापडणार नाही, कारण गायीचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. पोळी मात्र या तिन्हींतून तरते. खिलारची आटोपशीर असेल, देवणीची मोठी आणि लोंबती असेल, पण असते. म्हशीला ती नसते. गोठ्यात ज्याने जनावर नीट न्याहाळलं आहे, त्यालाच अशी व्याख्या सुचू शकते.

पतंजलीने व्याकरणावरच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात हाच अवयव वेगळ्या कामाला लावला. ‘गौः’ म्हटल्यावर त्यातला शब्द कोणता, असा त्याचा प्रश्न आहे. सास्ना, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेली वस्तू म्हणजे शब्द का? नाही, ते द्रव्य. तिचं हलणं ही क्रिया, तिचा पांढरा रंग हा गुण. अनेक गायींत जे समान दिसतं आणि एक गाय गेली तरी जे जात नाही, ती आकृती. आणि जे उच्चारल्याबरोबर सास्ना-शेपूटवाल्या प्राण्याचं ज्ञान होतं, तो शब्द. या ग्रंथाची नावाजलेली आवृत्ती 1880 ते 1885 या काळात प्रसिद्ध झाली. ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी अख्खं महाभाष्य मराठीत आणलं. पुण्याचं या गायीशी असं जुनं नातं आहे.

डेक्कन कॉलेज येरवड्याला, पुण्यातल्याच खराडीपासून काही किलोमीटरवर. तिथे 1948 साली सुरू झालेला संस्कृत महाकोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे, कारण सुमारे दीड हजार ग्रंथांतला शब्दन् शब्द तपासून त्याचा अर्थ कालक्रमाने मांडायचा आहे. ‘सास्ना’ची पाळी यायला कित्येक पिढ्या लागतील. तेवढा धीर धरणारी माणसं आपल्या शहरात आहेत, याचा अभिमान वाटायला हवा.

खराडी हे मुळा-मुठेच्या काठचं, हवेली तालुक्यातलं शेतीचं गाव होतं. आज तिथे इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारती आहेत. नांगर ओढणारी जोडी दिसणं दुर्मीळ झालं. पण पोळा चुकत नाही. ज्यांच्या दारी बैल नाही ते मातीचे बैल आणतात, पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. या साध्या पूजेपुढे न्यायशास्त्राचा एक फार जुना आक्षेप उभा राहतो.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतमाने मातीची गाय चर्चेत आणली आहे. तिला सास्ना आहे, शिंगं आहेत, म्हणजे आकृती आहे. ती एक वस्तूही आहे, म्हणजे व्यक्ती आहे. तरी तिच्यावर कोणी प्रोक्षण करत नाही. का? कारण तिच्यात गोत्व, म्हणजे गायपण, ही जाती नाही. म्हणून शब्दाचा अर्थ ठरवताना व्यक्ती आणि आकृती पुरत नाहीत, जातीही लागते. पण पोळ्याच्या दिवशी घराघरांत नेमकं तेच घडतं: मातीच्या बैलावर पाणी शिंपडलं जातं. मग चुकतं कोण, सूत्रकार की पूजा करणारी आजी?

उत्तर व्याकरणात शोधावं लागतं. प्रतिकृती दाखवायला पाणिनीने शब्दाला ‘क’ जोडायला सांगितला. घोड्यासारखी केलेली प्रतिकृती ती अश्वक. गौतमाच्या सूत्रातली मातीची गायही ‘मृद्गवक’ आहे, शेवटी ‘क’ लावलेली. पण जी मूर्ती उपजीविकेचं साधन आहे आणि विकायची नाही, तिच्या नावातून हा ‘क’ गळतो. तो नुसता शिव, नुसता स्कंद. सोन्याच्या लोभाने मौर्यांनी घडवलेल्या मूर्तींचा उल्लेख करून पतंजली सांगतो की ही सूट सध्या पूजेत असलेल्या मूर्तींना लागू. पाणिनीसमोर देवांच्या मूर्ती होत्या, पोळ्याचे बैल नव्हते. तरी भेद तोच आहे. कुंभाराच्या दुकानातला बैल विकाऊ आहे, म्हणून ती प्रतिकृती. पाटावर मांडून कुंकू लावलं की ती पूज्य वस्तू झाली. माती तीच, आकार तोच, गळ्याखाली बोटाने काढलेली पोळीही तीच. बदलला तो माणसाचा तिच्याशी असलेला व्यवहार.

गौतमाचा आक्षेप म्हणून खोटा ठरत नाही. मातीच्या गायीचं दूध निघत नाही, मातीच्या बैलाने शेत नांगरलं जात नाही. तो शब्दार्थ शोधत होता, आणि त्यासाठी जाती लागतेच. पूजेला मात्र जाती लागत नाही. तिला लागतं स्मरण: ज्याच्या मानेवर वर्षभर जू होतं, त्याचे उपकार मानणं. देवाच्या मूर्तीत आपण देवत्वाची जाती शोधत नाही, मग बैलाच्या मूर्तीत बैलत्व का मागावं?

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित केलं. त्यात ‘देशी’ हा शब्द आला, कारण वशिंड नसलेल्या, पोळी नावापुरती असलेल्या होल्स्टीन आणि जर्सी गायी आता आपल्या गोठ्यांत सर्रास आहेत. नैयायिकांचं गोत्व त्यांनाही सामावून घेतं, शासनाचा शब्द घेत नाही. व्याख्या कशासाठी करायची आहे, यावर तिची सीमा ठरते. हे दीपिकेच्या वाचकाला नवीन नाही.

ज्यांना नांगराची जोडी पाळणं शक्य नाही, त्यांनी मातीची जोडी पूजली तर तिला दुय्यम म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. खराडीतल्या दहाव्या मजल्यावरचा पोळा हाही पूर्ण पोळाच आहे.