स्पष्टता कोठून आणली?

छायाचित्र अस्पष्ट आले म्हणजे ते बिघडले, आणि बिघडलेली वस्तू दुरुस्त होत असेल तर ती करून घ्यावी, ही समजूत इतकी व्यवहारी आहे की तिच्याविरुद्ध कोणी तोंड उघडले तर तो उगाच खुसपट काढणारा ठरेल. माझी हरकत दुरुस्तीला नाही. पण फोटो ‘शार्प’ करणे या एकाच नावाखाली ज्यांचे परस्परांशी फारसे नाते नाही असे व्यवहार आज चालतात, संगणकाच्या पडद्यावर त्यांची बटणे शेजारीशेजारी असतात, आणि त्यांपैकी कोणते दाबले याचा मागमूसही तयार चित्रावर उरत नाही. या अवस्थेकडे विचारी माणसाने दुर्लक्ष करावे, हे मात्र मला पटत नाही.

अस्पष्टता म्हणजे वस्तुतः काय, हे आधी पाहिले पाहिजे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश चित्रातही एकाच बिंदूवर पडावा अशी भिंगाकडून अपेक्षा असते. भिंगाचे अंतर चुकले की त्या बिंदूची चकती होते, हात हलला की रेघ होते. प्रकाश नाहीसा होत नाही. एका बिंदूच्या नावाची रक्कम आजूबाजूच्या दहा खात्यांवर जमा होते, एवढेच. आता ही रक्कम मूळ खातेदाराला परत देता येईल काय, हा खरा प्रश्न; आणि ज्याला आपण स्पष्ट करणे म्हणतो त्यातला बराच भाग या प्रश्नाला हातच घालत नाही.

‘अनशार्प मास्क’ या नावाने फोटोशॉपसारख्या प्रणालींत जी सोय असते तिचे मूळ संगणकात नसून अंधाऱ्या खोलीत आहे. निगेटिव्हवरून मुद्दाम एक फिकी, धूसर पॉझिटिव्ह प्रत काढायची, ती निगेटिव्हवर तंतोतंत बसवायची आणि दोहोंतून मिळून प्रकाश पाठवून कागदावर छापायचे. ढोबळ उजेड-अंधार अशा रीतीने परस्परांना मारतात आणि बारीक तपशील वर येतो. ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी याच युक्तीने काचेच्या पट्ट्यांवर टिपलेल्या आकाशगंगांतील दडलेली रचना उघड केली. संगणकावर हेच काम ‘अमाउंट’, ‘रेडियस’ आणि ‘थ्रेशोल्ड’ हे तीन खटके सरकवून होते. जेथे काळे आणि पांढरे भेटतात त्या सीमेवर काळे किंचित अधिक काळे आणि पांढरे किंचित अधिक पांढरे केले जाते. खात्यांवरील रकमा जेथल्या तेथेच राहतात. पण पाहणाऱ्याला कड धारदार वाटते, कारण मानवी नेत्राची रचनाच सीमांना अतिशयोक्त करून पाहण्याची आहे. एर्न्स्ट माख याने १८६५ साली या नेत्रधर्माचे वर्णन केले, आणि पुढे हार्टलाइन याने समुद्रातील नालखेकड्याच्या डोळ्यावर प्रयोग करून शेजारशेजारच्या दृष्टिपेशी एकमेकींना कशा दाबतात ते दाखविले, ज्या संशोधनाबद्दल त्याला १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सारांश, जे डोळा स्वतःच करतो तेच प्रणाली थोडे आगाऊ करून ठेवते. खटका अधिक सरकला तर कडेभोवती पांढरे वलय उमटते आणि अतिरेक कोणाच्याही ध्यानात येतो. हा एक प्रसाधनाचा प्रकार आहे, आणि प्रसाधनाबद्दल कोणाला जाब विचारण्याचे कारण नाही.

याच्या अगदी उलट जातीचे उदाहरण म्हणजे हबल दुर्बीण. १९९० च्या एप्रिलमध्ये ती अवकाशात गेली आणि थोड्याच आठवड्यांत लक्षात आले की तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड हवी त्यापेक्षा सपाट झाली आहे. ही चूक मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी, पण प्रकाशाच्या हिशेबात प्रचंड होती. आरसा घासणारांचा हात वाईट नव्हता. ज्या उपकरणाने आरशाचा आकार तपासला जात होता त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते, आणि त्या चुकीच्या मापाला अनुसरून आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला होता. पण या काटेकोरपणानेच खगोलशास्त्रज्ञांना हात दिला. दोष इतका नियमबद्ध होता की प्रत्येक ताऱ्याचा बिंदू कोणत्या आकारात पसरतो हे नेमके ठरविता येत असे, आणि पसरण्याचा नियम ठाऊक असेल तर पसरलेले गोळा करण्याची रीत रिचर्डसन याने १९७२ मध्ये व लूसी याने १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडून ठेवली होती. ती रीत हबलच्या चित्रांना लावण्यात आली आणि तेजस्वी वस्तूंची चित्रे पुष्कळ अंशी सुधारली.

या प्रकरणातला मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग मात्र निराळा आहे. गणिताने एवढे साधले असतानाही १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांना वर पाठवून दुर्बिणीत सुधारक प्रकाशीय व्यवस्था बसवावीच लागली. कारण अंधुक वस्तूंचा पसरलेला प्रकाश पार्श्वभूमीच्या खरखरीत इतका मिसळून जातो की तो गोळा करू गेल्यास खरखरही तेवढ्याच निष्ठेने गोळा होते, आणि प्रकाशाचे ठिपके कोणते व गणिताने उभे केलेले ठिपके कोणते हे सांगता येईनासे होते. ज्यांना आपल्या साधनाची मर्यादा ठाऊक होती त्यांनी ती बोलून दाखविली, आणि जे हरवले होते ते पुन्हा मिळविण्यासाठी पुन्हा आकाशाकडेच पाहण्याची तजवीज केली.

अलीकडच्या शिकलेल्या यंत्रांना ही लाज नाही. लाखो चेहरे पाहून तयार झालेल्या प्रणालीला एखादा धूसर चेहरा दिला असता ती पसरलेला प्रकाश गोळा करीत बसत नाही. या धूसरतेशी जुळेल असा एक सुस्पष्ट चेहरा आपल्या स्मरणातून रचून देते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची अशी पद्धत प्रसिद्ध केली. कोणीतरी तिला बराक ओबामा यांचा ठोकळ्याठोकळ्यांचा झालेला फोटो दिला, आणि तिने एका गोऱ्या गृहस्थाचा नखशिखान्त तपशीलवार चेहरा परत केला. लोक हसले, रागावले, यंत्राच्या शिक्षणात कोणत्या वर्णाचे चेहरे अधिक होते याची चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु या प्रकारातील मर्म त्याहून खोल आहे. तो गोरा चेहरा पुन्हा बारीक केला असता दिलेल्या ठोकळ्यांशी बहुतांशी जुळत होता, म्हणजे पुराव्याशी त्याचा विरोध नव्हता. विरोध नसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. तेवढ्याच ठोकळ्यांशी जुळणारे आणखी किती चेहरे असतील याला गणती नाही, आणि त्यांतला एक निवडून यंत्राने तो निःशंक मुद्रेने पुढे केला.

याहूनही विचारात पाडणारे उदाहरण चंद्राचे आहे. २०२३ मध्ये एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून पडद्यावर ठेवला व अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या फोनने त्याचे छायाचित्र घेतले. फोनने त्यात खळगे आणि उंचवटे भरून दिले. आता, चंद्र पृथ्वीकडे सदैव एकच बाजू करून असतो; तेव्हा फोनने घातलेले खळगे ढोबळमानाने बरोबरही असतील. म्हणून काय झाले? न पाहिलेली गोष्ट खरी सांगणारा साक्षीदारही न्यायालयात ऐकीव पुराव्याचाच धनी ठरतो.

घरगुती व्यवहारात मी याबाबतीत कर्मठ नाही. लग्नाच्या गटचित्रातून आजोबांचा बोटाच्या पेराएवढा चेहरा काढून, तो मोठा करून, हार घालण्याजोगी तसबीर करून देणारे कारागीर आपल्याकडे गावोगावच्या स्टुडिओत होते. पेन्सिल आणि रंगाने ते भुवया भरीत, टोपीची कड सरळ करीत, प्रसंगी अंगात कोटही घालीत. तो कोट आजोबांनी कधी शिवलाच नव्हता हे घरातील सर्वांना माहीत असे, आणि कुंचल्याचा हात तसबिरीवर दिसत असे. भक्तीला तेवढी सूट असावी. प्रश्न येतो तो हीच तसबीर दस्तऐवज म्हणून पुढे आली की.

आपल्या कायद्याने डिजिटल पुराव्याचा विचार केला नाही असे नाही. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाहीत हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितीपर्यंत पोहोचला, आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निर्णय दिला की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर त्यावरून घेतलेल्या नकलेसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब प्रमाणेचा दाखला आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या दाखल्यात ‘हॅश’ची, म्हणजे फाइलीच्या अंकरूपी मुद्रेची, भर घातली. पण या सर्व तरतुदींचा कटाक्ष नक्कल मूळाबरहुकूम आहे काय, यावर आहे. मूळातच किती पाहिलेले आणि किती रचलेले, हे हॅश सांगू शकत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट केलेली चित्रफीत स्वीकारण्यास नकार दिला, ती बचाव पक्षाने सादर केलेली असूनही. हा दंडक मला आपल्याकडेही हवासा वाटतो.

सरसकट नकार हा मात्र आळशी उपाय होईल, आणि त्याहून चांगला उपाय पुण्यातच सापडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे केले. शेकडो हस्तलिखितांच्या धूसर साक्षीतून एक सुस्पष्ट संहिता उभी करणे हेच ते काम होते. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांचे सहकारी यांनी जेथे पाठ निश्चित नव्हता तेथेही वाचकासमोर पाठ ठेवला, ओळ रिकामी सोडली नाही. परंतु त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली, आणि नाकारलेले पाठ त्याच पानाच्या तळाशी नोंदविले. संपादकाने तर्क चालवू नये असा त्यांचा आग्रह नव्हता. तर्क कोठे चालविला ते वाचकाला दिसले पाहिजे, एवढा होता. चित्राच्या बाबतीत ठिपक्याठिपक्याखाली अशी रेघ मारता येणार नाही, पण यंत्राने चित्रावर कोणते संस्कार केले हे त्या क्षणी नोंदविता येते. ती नोंद चित्रासोबत जपून ठेवण्याची इच्छा तेवढी हवी.

यावर असा प्रतिवाद होईल की, आता मूळ असे उरलेच कोठे आहे? आजचा फोन एका दाबात अनेक चित्रे टिपतो, त्यांचे मिश्रण करतो, खरखर पुसतो, कडा उठावदार करतो, आणि मगच फाइल साठवितो. तेव्हा पोलिसांनी जप्त केलेला मुद्देमालच संस्कारित असतो. हा प्रतिवाद खरा आहे, आणि म्हणूनच फोनने साठविण्यापूर्वी काय केले याची विचारणा दाखल्यातच व्हावयास हवी. कलम ६३ चा नमुना उपकरणाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक, फार काय त्याचा रंगसुद्धा विचारतो. चित्रावर यंत्राने केलेल्या संस्कारांसाठी मात्र त्यात स्वतंत्र रकाना नाही, आणि ज्याला ते प्रामाणिकपणे लिहावयाचे असतील त्याला शेवटच्या ‘अन्य माहिती’च्या जागेत ते कोंबावे लागतील.