चोचीत मावेल तेवढं

अश्विनातली सकाळ. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात अंगणात अजून ऊन उतरलेलं नाही. आजीनं डालगं उचललं तशी खुडूक कोंबडी अंग फुलवून बाहेर आली आणि तिच्यामागं पाच दिवसांची नऊ पिल्लं धडपडत निघाली. नात नव्या बाजरीची मूठ घेऊन उभीच होती. ती मूठ उघडणार तेवढ्यात आजी म्हणाली, "तायडे, सगळी मूठ रिकामी करू नको. चोचीत मावंल तेवढंच टाक."

मग आजीनं तीच बाजरी जात्यावर जाडसर भरडली, पाखडली आणि त्यातली चिमूटभर कणी नातीच्या तळहातावर ठेवली. एवढ्याशा कामाला दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं कोंबडी नि पिल्लं माती उकरत राहिली. खाऊ देण्यातला मोठा भाग या दहा मिनिटांत आहे, असं मला त्या अंगणात वाटून गेलं.

कणी जमिनीवर पडली. कोंबडीनं एक दाणा चोचीत उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. तोंडानं अखंड 'कुक्-कुक्-कुक्'. तिनं स्वतः तो खाल्ला नाही. पिल्लं धावत आली आणि एकानं तो टिपला. चिमणी पिलाच्या चोचीत घास कोंबते. कोंबडी तसं करत नाही. ती दाणा दाखवते, हाक मारते आणि टिपायचं काम पिलाकडं सोडते. इंग्लंडातल्या ब्रिस्टल विद्यापीठात निकोल आणि पोप या संशोधकांनी 1996 मध्ये याचा अभ्यास केला. एका रंगाचं खाद्य बेचव असतं, हे त्यांनी कोंबड्यांना आधी शिकवलं होतं. पिल्लं तेच खाताहेत असं दिसताच आयांचं टोचणं आणि उकरणं वाढलं. पिल्लू चुकतंय हे आईला कळतं, आणि चूक सुधारण्याची तिची रीत म्हणजे योग्य दाणा आणखी जीव तोडून दाखवणं.

पिल्लू जगात येतं तेही उपाशी नाही. एकविसाव्या दिवशी कवच फोडण्याआधी ते अंड्यातला उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांबच्या गावी पाठवता येतात. आपण खाऊ घेऊन पोचतो त्याच्या आधीच कुणीतरी डबा बांधून दिलेला असतो. हे ध्यानात राहिलं की देणाऱ्याची घाई आपोआप कमी होते.

लहानपणी माझ्या ते ध्यानात नव्हतं. आठवडी बाजारातून हट्टानं दोन पिल्लं आणली होती. दुधात भिजवलेला पाव, मूठभर चिवडा, शेव. मला आवडेल ते सगळं मी त्यांच्यापुढं मांडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक खोक्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडलेलं होतं. मी दिवसभर रडलो. माझी माया कुठं कमी पडली हे मला कळेना. पुढं समजलं की पहिल्या आठवड्यात पिलाला खाऊच्या आधी ऊब लागते, जवळजवळ 35 अंशांची. ती आईच्या पंखाखाली मिळते, नाहीतर दिव्याखाली. ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही. आणि खारट तर त्याला विषासारखंच, कारण एवढ्याशा जिवाला मीठ बाहेर टाकणं झेपत नाही. त्यातलं नेमकं कशानं ते गेलं हे आज सांगता येणार नाही. पण त्या खोक्यात जे होतं ते सगळं माझ्या आवडीचं होतं, एवढं मात्र खरं.

चांगलंचुंगलं म्हणून जे द्यावं तेच बाधतं, हे थोरामोठ्यांनाही कोंबड्यांनीच शिकवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक पायांतून लुळ्या पडू लागल्या. लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात त्यांना मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं तो भात द्यायचं नाकारलं. कोंबड्या साध्या, कोंड्यासह असलेल्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. जीव होता तो आपण सडून टाकलेल्या कोंड्यात. आज आपण त्याला बी-वन जीवनसत्त्व म्हणतो. या वाटेवरच्या कामासाठी आइकमनला 1929 चं नोबेल मिळालं.

मग पिलांना खाऊ द्यायचाच नाही का? जरूर द्यावा. उकडलेलं अंडं कुस्करून, मेथीचं पान बारीक चिरून, बाजरीची कणी. खेड्यात आणखी एक जुनी युक्ती आहे. मडक्यात ओलसर शेण आणि काडीकचरा भरून ते वाळवी लागलेल्या जागी संध्याकाळी पालथं घालतात. सकाळी आत वाळवीच वाळवी, आणि पिलांची दिवाळी. फक्त हे सगळं दिवसाच्या चाऱ्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडं जाऊ नये. वाढत्या पिलाच्या खाद्यात शंभरात वीस भाग प्रथिनं लागतात; बाजरीत ती त्याच्या निम्मीच असतात. नुसत्या दाण्यानं पोट भरतं, पण अंग भरत नाही. दाण्याबरोबर बारीक वाळूही हवी, कारण कोंबडीला दात नाहीत; आपण ज्याला पेटा म्हणतो, त्या पिशवीत खड्यांच्या साह्यानं तिचं दळण चालतं. पाणी उथळ थाळीत, मधे चार खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. आणि बुरशी लागलेला शेंगदाणा किंवा मका 'कोंबड्यांना चालतोय' म्हणून कधीच टाकू नये. 1960 मध्ये इंग्लंडात शेंगदाण्याच्या अशाच पेंडीनं टर्की पक्ष्यांची एक लाखाच्या आसपास पिल्लं दगावली. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते तेव्हा.

चकलांब्याच्या अंगणात हे सगळं पाहताना मन पिलांवरून लेकरांवर गेलं. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीआजोबांजवळ मागं राहतात. हंगाम सरल्यावर आईबाप परततात ते हातात खाऊच्या पिशव्या घेऊनच. पाच-सहा महिन्यांची माया एका पिशवीत भरलेली असते. ती एका संध्याकाळी रिकामी करावी असं त्यांना वाटणं किती साहजिक आहे! त्या पिशवीला कोण नाव ठेवील? पण तेवढे महिने रोज भाकरीचा तुकडा मोडून, कोरड्यासात कुस्करून समोर ठेवणारी आजी असते, म्हणूनच त्या पिशवीतला खाऊ गोड लागतो. रोजच्या भाकरीच्या आधारानंच खाऊ खाऊ होतो.

आपणही दिवसभर कुणाला ना कुणाला काहीतरी देत असतो. पोराला सल्ला, सुनेला शिकवण, शेजाऱ्याला मदत, दुःखी माणसाला धीर. मूठ आपली असते आणि ती भरलेली असते, म्हणून एकदम उघडायचा मोह होतो. समोरच्याची चोच केवढी आहे, तो उबेत आहे का, त्याच्या पोटात आधीची शिदोरी अजून शिल्लक आहे का, हे बघायला थांबावं लागतं. जात्यावर जातील तेवढी दहा मिनिटं.

ऊन अंगणात आलं होतं. नात उकिडवी बसली, तळहात जमिनीला टेकवून तिनं बोटं पसरली आणि गप्प राहिली. कोंबडी मान वाकडी करून बघत होती. बऱ्याच वेळानं एक पिल्लू पुढं आलं, थबकलं, आणि त्यानं तिच्या तळहातावरचा एक कण टिपला. तायडीनं हात हलवला नाही. श्वासही रोखून धरला होता तिनं.